दादा, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात त्याबद्दल

नमस्कार दादा,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण खासगीत आभार मानू द्यायलाही तुम्ही तयार नाही. ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी तालुक्याच्या गावी बसून वर्डप्रेसच्या (म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या) साइट्स सांभाळते. पतसंस्था, शाळा, मंगल कार्यालय, आणि एक दूध संघ. यातल्या बऱ्याच साइट्स मी बांधलेल्या नाहीत. कोणीतरी बांधलेली असते, बिल घेऊन तो मोकळा झालेला असतो आणि मग ती माझ्या पदरात पडते. दूध संघाची तशीच आली. तिच्यावर ‘शेतकऱ्यांसाठी’ नावाचा एक विभाग आहे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लिटरमागे काय दर, त्याच्या वरखाली किती वाढ नि किती कपात, पशुखाद्याचे भाव, लसीकरणाच्या तारखा, सगळं तिथे लागतं.

एक दिवस तो विभाग रिकामा झाला. पान उघडतंय, वरचा फोटो आहे, मेनू आहे, तळाला पत्ता आहे आणि मधे काहीच नाही. डॅशबोर्डात, म्हणजे साइट सांभाळायच्या आतल्या पानावर, पाहावं तर सगळ्या पोस्ट जागेवर, प्रकाशित, विभागही बरोबर लावलेला. नेमका त्याच आठवड्यात दर बदललेला. अशा वेळी दरपत्रक गायब झालं की गावोगावच्या संकलन केंद्रांवर काय काय बोललं जातं, हे दूध घालणाऱ्या घरातल्या माणसाला सांगायला नको. संस्थांचे सचिव संघाला फोन करत होते आणि संघ मला.

तुमच्याआधी कोणाकोणाचे उंबरे झिजवले तेही लिहिते, रागावू नका. होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे त्यांनी, आधी कॅश (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) साफ करायला सांगितलं. मग म्हणाले, सगळे प्लगइन (साइटला जोडलेल्या जादा सोयी) बंद करून बघा. भर दुपारी, चालू साइटवर! हेल्थ चेक प्लगइनच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये प्लगइन फक्त आपल्यापुरते बंद होतात, लोकांना साइट नेहमीसारखीच दिसत राहते. हे मीच त्यांना सांगितलं. करूनही पाहिलं. विभाग तसाच रिकामा. ज्यांनी साइट बांधली त्यांनी ती उघडूनसुद्धा न बघता ‘थीम जुनी झालीय, नवीनच करावी लागेल’ म्हणत कोटेशन धाडलं. (थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली.) कोटेशनची घाई वाखाणण्यासारखी होती. ओळखीतल्या एकाने अॅडमिनचा आणि होस्टिंगचा असे दोन्ही पासवर्ड घेतले, ‘बघतो’ म्हणाला, आणि त्यानंतर फक्त निळ्या टिका. पासवर्ड बदलायचं काम तेवढं मला लागलं.

या सगळ्यांत एकानेही विचारलं नाही की, बाई, तू काय काय बघून झालीस?

तुम्हाला मी सवयीने विचारलं, पासवर्ड पाठवू का? तुम्ही म्हणालात, ‘पासवर्ड नको. स्क्रीन दाखवा आणि टाइप तुम्हीच करा.’ मग विचारलंत, आत्तापर्यंत काय काय बघितलंत? मी सांगितलं, डीबग (चुका पकडायची सोय) सुरू आहे, एरर पानावर न दाखवता लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहायला लावलंय, आणि लॉग रिकामा आहे. बाकीच्यांना रिकामा लॉग म्हणजे ‘काहीच सापडलं नाही’ वाटत होता. तुम्ही म्हणालात, ‘मग कोडला काही बिनसलंय असं वाटतच नाहीये. त्याला जे सांगितलंय तेच तो करतोय. काय सांगितलंय ते वाचू.’

साइट धडाम कोसळली असती तर सोपं गेलं असतं. २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी स्वतःच अॅडमिनला मेल करतं, कुठल्या प्लगइनने किंवा थीमने घोळ घातला तेही त्यात सांगतं. ही तक्रार न करणारी चूक होती.

थीमच्या फाइलमध्ये ती ओळ सापडली. विभागाचं नाव ‘शेतकऱ्यांसाठी’ असेल तरच पोस्ट दाखव. नाव तर तेच होतं. मी मोठ्याने वाचलं, परत वाचलं, वेलांटी-काना तपासला. तुम्ही म्हणालात, स्टेजिंगवरच्या (साइटच्या चाचणीसाठीच्या) प्रतीत त्या ओळीच्या वर दोन्ही नावांचा, थीममधल्या आणि डॅशबोर्डातल्या, व्हार-डम्प टाका, म्हणजे नाव आणि त्याची लांबी छापली जाईल. टाकला. पान रिफ्रेश केलं. दोन ओळी आल्या. दोन्हींत ‘शेतकऱ्यांसाठी’, डोळ्यांना अगदी जुळी भावंडं. पण एकीच्या आधी लांबी ३९ आणि दुसरीच्या आधी ४२.

आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत.

मी आजवर ज्यांच्या ज्यांच्याबरोबर स्क्रीन शेअर केली, त्यातल्या प्रत्येकाने अशा क्षणी ‘हं, बघा!’ म्हणून उत्तर सांगून टाकलं असतं. तुम्हाला ते दिसलं होतं, याची मला खात्री आहे. तुमच्याकडच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, म्हणजे लाइन चालू होती. तुम्ही थांबला होतात. मी बोटांवर मोजायला लागले. श, मात्रा, त, क… मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे संगणकाचं साठवणीचं माप), आणि ती लांबी बाइटमध्ये होती. १३ चिन्हं म्हणजे ३९. मग ४२ म्हणजे एक चिन्ह जास्त, आणि ते दिसत नाही! ‘दादा, यात काहीतरी लपलंय,’ मी ओरडलेच. तेव्हा कुठे तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘हं. आता कुठे लपलंय तेही तुम्हीच सांगा.’

ते ‘ऱ्या’त होतं. हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की सरळ ऱ मिळतो, त्याला हलन्त जोडायचा. नाहीतर साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढे एक न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक. युनिकोडला, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या प्रमाणाला, दोन्ही रीती मान्य. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) बाइट मोजतं. संघाच्या ऑफिसातल्या मुलाने डॅशबोर्डात ते नाव नव्याने टाइप केलं होतं. त्याचं शुद्धलेखन निर्दोष होतं. कच्चं होतं ते नावावरून विभाग ओळखणारं थीममधलं कोड, आणि ते ज्यांनी लिहिलं त्यांचं कोटेशन माझ्या इनबॉक्समध्ये अजून आहे.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. नावाऐवजी विभागाचा आयडी, म्हणजे त्याचा क्रमांक. जाता जाता तुम्ही स्लगही (दुव्यात येणारं नाव) रोमनमध्ये करायला लावलात. मराठी स्लगमधलं एकेक चिन्ह साठवताना नऊ अक्षरांचं होतं आणि मर्यादा २०० ची, म्हणजे बाविसाव्या चिन्हापुढचं सगळं कापलं जातं. आमच्या कित्येक बातम्यांचे दुवे अर्धवट का होते, ते मला त्या दिवशी कळलं. हे तुम्हाला कोणी विचारलंही नव्हतं.

दादा, हुशार माणसं या धंद्यात चिक्कार आहेत. पण समोरच्याचा कीबोर्ड त्याच्याच हातात ठेवून, उत्तर तोंडाशी आलेलं असताना थांबणारी कितीशी? तेवढ्या वेळात तुमचं स्वतःचं काम अडलं असणारच. तुम्ही ते उत्तर सांगितलं असतंत तर साइट दुरुस्त झालीच असती, मी ‘थँक यू सर’ म्हटलं असतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तुम्हालाच फोन लावला असता. परवा शाळेच्या साइटवर ‘विद्यार्थ्यांसाठी’चा फिल्टर बरोबर चालत होता आणि ‘दुसऱ्या वर्गा’चा चालत नव्हता. पहिल्याच मिनिटाला माझी नजर ‘ऱ्या’वर गेली. लांबी छापली, दोन आकडे वेगळे आले, आणि मी शाळेच्या लिपिकबाईंना बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मोजा म्हटलं. त्या मोजेपर्यंत तोंड बंद ठेवणं किती अवघड असतं, ते तेव्हा समजलं.

आता मुद्द्याचं. संघाचे मॅनेजर तुम्हाला बिल पाठवायला सांगताहेत, तुम्ही पाठवत नाही. ठीक आहे. पण संघाचा खवा उत्तम असतो. तुमच्या घरचा पत्ता वहिनींकडून मी आधीच घेतलाय. गुरुवारी गाडी तुमच्या बाजूला येतेय, कोणीतरी घरी असा.

तुमची,
दूध संघवाली