करडा धोबी आला

बोरिवली, मुंबई
१२ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आज रविवार, म्हणून आम्ही पाच जण रीतसर परवानगी घेऊन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा पायवाटेने पक्षी पाहायला गेलो होतो. ओढ्याला अजून पाणी आहे. तू शाळेत असताना ज्या सपाट खडकावर बसून आपण डबा खात असू, त्याच खडकावर एक करडा धोबी लांब शेपटी सारखी खालीवर हलवीत फिरत होता. पाठ राखाडी, पोट पिवळे, वजन वीस ग्रॅमच्या आतबाहेर. पाण्यावरचा किडा त्याने हवेतच टिपला आणि पुन्हा जागेवर येऊन बसला. मी दुर्बीण बाजूला ठेवून कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसती पाहत राहिले.

हे पक्षी उन्हाळ्यात हिमालयातील ओढ्यांकाठी, म्हणजे तुझ्या देहरादूनच्या वरच्या डोंगरांतही, घरटी करतात आणि थंडीमुळे किडे मिळेनासे होऊ लागले की दक्षिणेकडे उतरतात. ओळख पटावी म्हणून पायात वलय घातलेले धोबी हिवाळ्यात वर्षानुवर्षे त्याच जागी परतल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे हा गेल्या वर्षीचाच असावा असे मला फार वाटते, पण पुरावा माझ्यापाशी नाही.

पुढे झाडांच्या शेंड्यांत हिरवट वटवट्याचा आवाज आला. जेमतेम सात-आठ ग्रॅमचा हा जीवही हिमालयाकडूनच येतो, आणि तोही रात्रीच्या अंधारात उडून. तेथेच कोणीतरी छायाचित्रासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवीत होते. एवढा प्रवास करून आलेल्या पाखराला खोट्या हाकेने पुन्हा दमवणे मला अजिबात पटत नाही, म्हणून मी त्यांना थांबण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मानली.

आमच्याकडे हिवाळ्यात धोब्याचा गळा पांढरट दिसतो. विणीच्या काळात नराचा गळा काळा होतो. ते रूप मी आजवर चित्रातच पाहिले आहे. मे महिन्यात चकरात्याकडे जाशील तेव्हा एखाद्या ओढ्याकाठी थोडा वेळ थांब, आणि दिसला तर मला सविस्तर लिहून कळव.

तुझी,
आई