वीज सोसायटी काढा, पण वही कशी लिहिणार ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मध्ये एका वाचकाने लिहिलं होतं की वीज वितरण गावोगावच्या सहकारी सोसायट्यांना देऊन टाका, सगळं सुरळीत होईल. मी ३१ वर्षं गटसचिव होतो, विकास सोसायट्यांची दप्तरं लिहिण्यात जन्म गेला, आणि सध्या सहा महिने मुलाकडे अमेरिकेत जॉर्जियात आलोय, इथली वीजसुद्धा सहकारी संस्थेचीच आहे (इकडे ईएमसी म्हणतात). दुपारी करायला काही नसतं म्हणून तिचा वार्षिक अहवाल वाचत बसलो.

पहिली गोष्ट आवडली. वर्षअखेर जे शिल्लक राहतं त्याला हे नफा म्हणतच नाहीत, मार्जिन म्हणतात, आणि ज्याने जितक्या रकमेची वीज घेतली त्या प्रमाणात ते त्याच्या नावावर जमा होतं. आपल्याकडे नफ्यातला २५ टक्के राखीव निधीला जातो आणि लाभांश मिळतो तो शेअर्सवर, तोही १५ टक्क्यांच्या वर नाही. इथे शेअरचा प्रश्नच नाही, वापरावर हिशोब. पण पैसे लगेच हातात येत नाहीत हं, ते भांडवल म्हणून संस्थेकडेच राहतात, व्याज नाही, परत कधी द्यायचे ते संचालक ठरवणार, बऱ्याच ठिकाणी २०-२० वर्षं लागतात. साखर कारखान्याच्या परतीच्या ठेवी आठवल्या, फरक एवढाच की इथे कुठल्या वर्षाचे किती ते सभासदाला कळवावं लागतं.

इथल्या या वीज संस्थांना इन्कम टॅक्स माफ आहे, पण फुकट नाही. दरवर्षी किमान ८५ टक्के उत्पन्न सभासदांकडूनच आलं पाहिजे, एखाद्या वर्षी खाली घसरलं की त्या वर्षी टॅक्स लागू. २०१७ च्या टॅक्स कायद्यात असा घोळ झाला की सरकारी अनुदानसुद्धा बाहेरच्या उत्पन्नात धरायची वेळ आली, म्हणजे वादळात तारा पडल्या, सरकारने मदत दिली आणि त्या मदतीमुळेच टॅक्सची माफी गेली, असं! डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती केली तेव्हा कुठे सुटले.

आता मला खटकलं ते सांगतो. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळाने जॉर्जियात खांबांची पार वाट लावली. असला मोठा खर्च आपण सरळ त्या वर्षीच्या नफा-तोट्याला टाकू. पण ज्या वीज संस्थांचे दर नियंत्रित असतात त्यांना १९८२ पासून वेगळा नियम आहे, खर्च पुढच्या वर्षांच्या दरातून वसूल होणार असेल तर तो आज मालमत्ता म्हणून दाखवता येतो, रेग्युलेटरी ॲसेट, खाते नंबर १८२.३. म्हणजे पैसे तर गेले, पण ताळेबंदात येणं दिसतं. ठीक आहे, एका वर्षात सगळा बोजा बिलावर नको हे मला पटतं. पण दर ठरवतं कोण? जॉर्जियात राज्याचा नियामक आयोग ईएमसीचे दर ठरवत नाही, संस्थेचं संचालक मंडळच ठरवतं, आणि खर्च पुढे ढकलायचा की नाही हेही तेच. फिर्यादी तेच न्यायाधीश तेच! केंद्र सरकारच्या ग्रामीण विद्युत खात्याचं कर्ज असेल तर त्यांची मंजुरी लागते, तेवढाच काय तो लगाम. आपल्याकडे निदान दर ठरवणारा वीज नियामक आयोग तरी बाहेरचा आहे, तरीसुद्धा असल्या येण्यांचे डोंगर झालेच, शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला ती निकाली काढायला मुदत घालून द्यावी लागली.

आमच्या नगर जिल्ह्यात मुळा प्रवरा वीज संस्था होती, १९७० च्या आसपास अमेरिकन तज्ज्ञांच्या सल्ल्याने देशात ज्या पहिल्या पाच निघाल्या त्यातली एक, २०११ मध्ये परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. त्यामुळे परत सोसायट्या काढा म्हणणाऱ्यांना माझं विचारणं एवढंच, शिल्लक राहिली तर सभासदाच्या नावावर कशी लिहिणार आणि तोटा झाला तर कुठल्या खात्यावर टाकणार, हे उपविधीत आधी लिहून दाखवा, मग परवान्याचं बोलू.

मुलाला म्हटलं वार्षिक सभेला जा आणि १८२.३ मध्ये काय काय टाकलंय ते विचार. तो म्हणतो, बाबा, तिथे लोक फुकटची बादली आणि एलईडी बल्ब घ्यायला जातात.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
(मूळ श्रीरामपूर तालुका, सध्या मुक्काम जॉर्जिया)