परवडणारा फुल फ्रेम कॅमेरा: बॉडी स्वस्त होईल, लेन्सचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की लातूर, नांदेड, परभणीच्या फोटो स्टुडिओंत एक प्रश्न हमखास निघतो: लाखाच्या आत नवा फुल फ्रेम कॅमेरा कधी मिळणार? कंपन्या मुद्दाम भाव चढे ठेवतात, असे काहींचे म्हणणे. प्रकाश टिपणारा त्याचा सेन्सरच एवढा मोठा की तो कधी स्वस्त होणारच नाही, असे इतरांचे. आमच्या मते असा कॅमेरा काढणे कंपनीला परवडू शकते. मात्र तो काढताना काटकसर कुठे झाली, यावर तो आपल्या उपयोगाचा की नाही हे ठरते, आणि याबद्दल मराठीत फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी सेन्सरचा हिशोब. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. आपल्याकडील बहुतेक स्टुडिओंत असलेला एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७. क्षेत्रफळ २.३५ पट, तर किंमतही तेवढीच पट असावी, असे वाटते; प्रत्यक्षात फरक त्याहून जास्त पडतो. सेन्सर ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल सिलिकॉन चकतीतून, वेफरमधून कापतात. क्षेत्रफळाने भागले तर एका वेफरवर ८१ फुल फ्रेम किंवा १९२ एपीएस-सी बसतात. पण गोल ताटातून चौकोनी वड्या कापताना वडी जितकी मोठी, तितके कडेचे तुकडे जास्त वाया जातात.

त्यात दोषांची भर. समजा, वेफरवर दर १० चौरस सेंटिमीटरला सरासरी एक घातक दोष आहे. मग संभाव्यतेच्या साध्या गणिताने एपीएस-सीपैकी सुमारे ६९ टक्के तुकडे निर्दोष निघतात, फुल फ्रेमपैकी ४२ टक्केच. म्हणजे एकाच वेफरमधून १३३ चांगले एपीएस-सी विरुद्ध ३४ फुल फ्रेम. एका चांगल्या तुकड्याचा खर्च जवळपास चौपट. (एखादा मेलेला पिक्सेल सॉफ्टवेअरने झाकता येतो, त्यामुळे प्रत्येक दोष घातक नसतो.) तिसरी अडचण छपाईची. वेफरवर सर्किट उमटवणाऱ्या यंत्राची एका वेळची चौकट सर्वसाधारणपणे २६ बाय ३३ मिलिमीटर असते. ३६ मिलिमीटरची बाजू तीत मावत नाही, म्हणून फुल फ्रेम तुकड्यातुकड्याने छापून जोडावा लागतो. यंत्राचा वेळ वाढतो, जोडावर चूक होण्याचा धोकाही वाढतो.

तरीही भाव खाली आलेच. कॅननचा ईओएस-१डीएस २००२ मध्ये ७,९९९ डॉलरला आला, ५डी २००५ मध्ये ३,२९९ ला, ६डी २०१२ मध्ये २,०९९ ला आणि ईओएस आरपी २०१९ मध्ये १,२९९ ला. आरपीची कृती नीट पाहण्यासारखी आहे. सेन्सर आधीच्या ६डी मार्क टू या मॉडेलच्या वंशातला, २६ मेगापिक्सेलचा. बॅटरी स्वस्त कॅमेऱ्यांत वापरात असलेली छोटी एलपी-ई१७. कार्डाचा खण एकच. मिररलेस असल्याने आरसा, काचेचा जड पेंटाप्रिझम आणि फोकसचा वेगळा सेन्सर गेला; ते भाग एकमेकांशी अचूक जुळवण्याची कारखान्यातली मेहनतही वाचली. स्वस्त फुल फ्रेमचा खात्रीचा मार्ग हाच: संशोधनाचा खर्च वसूल झालेला सेन्सर नव्या, साध्या बॉडीत घालणे.

२४ मेगापिक्सेलचा जुना सेन्सर आपल्या कामाला भरपूर आहे. ६००० बाय ४००० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचांची स्वच्छ छपाई. लग्नाच्या १२ बाय ३६ इंची अल्बमच्या एका जोडपानात बहुधा चार-पाच फोटो असतात, तिथे याहून जास्त लागत नाही.

मग अडते कुठे? खपावर. जपानी कॅमेरा उद्योगाच्या सिपा या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ मध्ये ७७ लाखांच्या आसपास. समजा, एका मॉडेलच्या विकासाला ३०० कोटी रुपये लागले. तीन लाख नग खपले तर नगामागे १० हजारांचा बोजा, एक लाखच खपले तर ३० हजारांचा. म्हणून कंपन्या थोडे नग विकून जास्त नफा देणाऱ्या महाग मॉडेलांकडे वळल्या. आपल्याकडे त्यावर रुपयाची घसरण आणि १८ टक्के जीएसटी. २०१९ मध्ये डॉलर ७० रुपयांच्या आसपास होता, तेव्हा १,२९९ डॉलर म्हणजे ९१ हजार होत. ८५ च्या दराने तेच १ लाख १० हजार होतात, आणि कर वेगळा. जीएसटी नोंदणी नसलेल्या गावातल्या स्टुडिओला त्या कराची वजावटही मिळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. फुल फ्रेमचा खरा फायदा उजेडाचा: त्याच एफ क्रमांकाला (लेन्स किती उघडते त्याचा आकडा; आकडा लहान तितका उजेड जास्त) सुमारे सव्वा स्टॉप, म्हणजे सुमारे २.३५ पट उजेड. मांडवातली हळद, रात्रीची वरात किंवा फ्लॅशला मनाई असलेली अजिंठ्याची लेणी, इथे तो दिसतो. पण स्वस्त बॉडीसोबत बहुधा २४-५० एफ ४.५-६.३ अशी किट लेन्स देतात. एकूण उजेडाच्या हिशोबात फुल फ्रेमवरचे एफ ६.३ म्हणजे एपीएस-सीवरचे एफ ४.२. उलट जुन्या एपीएस-सीवर एफ २.८ ची झूम लावली, तर सेन्सरवर त्याच्या सव्वादोन पट प्रकाश पडतो. लाख रुपये घालून फोटोतला दाणा (कमी उजेडात दिसणारी खरखर) वाढतो, तो असा! म्हणून किट टाळून फक्त बॉडी घ्यावी आणि सोबत ५० मिलिमीटर एफ १.८ सारखी साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स.

जुन्या लेन्स चालतील, हे गृहीत धरू नका. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरवर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) ऑटोफोकससह चालतात, पण १८-५५ सारखी एपीएस-सीसाठी बनवलेली ईएफ-एस लेन्स लावली की आरपीचे २६ मेगापिक्सेल कापून जेमतेम १० उरतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. त्यामुळे अनेकांकडे असलेल्या, स्वतःची मोटर नसलेल्या ५० एफ १.८डी लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही, फोकस हाताने करावा लागतो.

काटकसर कुठे नको, तेही सांगतो. मेकॅनिकल शटर, म्हणजे सेन्सरपुढचा उघडझाप करणारा पडदा, काढू नये. २०२४ च्या पॅनासोनिक एस९ मध्ये ते नाही आणि फ्लॅश जोडण्याची सोयही नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचते; डिमरवरच्या, वेगाने लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांखाली, म्हणजे हल्लीच्या जवळजवळ प्रत्येक मंगल कार्यालयात, फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात. दुसरा कार्ड खणही हवाच. अंतरपाट दूर होतानाचा क्षण पुन्हा मिळत नाही, आणि कार्ड कधी बिघडेल ते सांगता येत नाही. १,३९९ डॉलरला आलेल्या निकॉन झेड५ मध्ये २०२० सालीच दोन खण होते, म्हणजे ही सोय परवडत नाही, ही सबब टिकत नाही. त्याऐवजी ४के ६० व्हिडिओ, प्रति सेकंद ४० फोटो, बारीक रिझोल्यूशनचे व्ह्यूफाइंडर खुशाल वगळावे.

भारतातल्या कंपनी प्रतिनिधींना आमची मागणी नेमकी आहे. नवे मॉडेल आले तरी आधीचे २४ मेगापिक्सेलचे मॉडेल उतरत्या भावात दोन-तीन वर्षे विक्रीत ठेवावे. जिल्ह्याच्या विक्रेत्यांना फक्त बॉडीचाही साठा द्यावा. किट घेण्याची सक्ती नसावी. आणि तालुक्यातून आलेली बॉडी दुरुस्तीला पुण्या-मुंबईला पाठवावी लागत असेल, तर हंगामात तेवढ्या दिवसांसाठी बदली बॉडी मिळावी.

आपले,
छायाचित्रण साहित्याचे दुरुस्तीकार व प्रशिक्षक, नांदेड