किशोर-किशोरी खो-खो संघांच्या मॅटसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या क्रीडा मंडळाच्या किशोर आणि किशोरी, म्हणजे चौदा वर्षांखालील मुलांच्या व मुलींच्या, खो-खो संघांना सरावासाठी स्वतःची मॅट घ्यायची आहे, आणि त्यासाठी गावातील नागरिक, मंडळाचे माजी खेळाडू, नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी स्थायिक झालेली मंडळी आणि या खेळाविषयी आपुलकी असणारे सर्व जण यांच्याकडे आम्ही या पत्राद्वारे मदत मागत आहोत. मदत कशासाठी हवी आहे, ती कशी खर्च होणार आहे आणि तिचा हिशेब कोण पाहणार आहे, हे सविस्तर सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे; ते शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

आमची मुले मातीवर शिकली. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर पाणी मारायचे, खडे वेचायचे, फक्कीने रेषा आखायच्या आणि अंधार पडेपर्यंत खेळायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. मोठ्या स्पर्धा मात्र आता मॅटवर होऊ लागल्या आहेत. गेल्या हंगामात जिल्हास्तरावर प्रथमच आमचे दोन्ही संघ मॅटवर उतरले, तेव्हा या फरकाची खरी जाणीव आम्हाला झाली. किशोरी संघातील एक बारा वर्षांची मुलगी आमची सर्वांत भरवशाची संरक्षक आहे. गावच्या मैदानावर ती अडीच मिनिटे सहज पळते. त्या दिवशी ती पहिल्याच तुकडीत आत गेली, नेहमीप्रमाणे खांबाजवळ हुलकावणी द्यायला वळली, आणि तिचे शरीर वळले तरी पाय जागेवरच राहिला. गुडघ्यावर पडून ती सावरेपर्यंत गडी बाद झाल्याची शिट्टी वाजली होती. बूट तिने मोठ्या बहिणीचे घातले होते आणि ते सैल होऊ नयेत म्हणून पुढे कापडाचा बोळा कोंबला होता, हे आम्हाला सामना संपल्यावर कळले. ही गोष्ट आम्हाला आधी कळायला हवी होती. ती चूक मंडळाची आहे.

मातीवर वळताना पाय किंचित घसरतो, आणि त्या घसरण्यातच मुले आपला वेग मोडायला शिकतात. मॅटवर पाय घसरत नाही, तो धरला जातो. त्यामुळे पाऊल कुठे टाकायचे, गुडघा किती वाकवायचा, वळण्याआधी किती पावले वेग कमी करायचा, हे सगळे नव्याने अंगवळणी पाडावे लागते. खो-खोमध्ये तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. आठ गडी दोन खांबांना जोडणाऱ्या मध्यपाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठेही, केव्हाही वळण्याची मुभा असते. त्याचे सगळे संरक्षण या वळण्यावरच अवलंबून असते. ज्या मुलाला पायाखालच्या जमिनीचा भरवसा नाही, त्याचे निम्मे कौशल्य मैदानात उतरण्यापूर्वीच निकामी होते.

आक्रमणाचेही तसेच आहे. खांबाजवळ सूर मारून गडी टिपणे हे या खेळातील सर्वांत देखणे कौशल्य. पण मातीवर रोज सूर मारला तर कोपरे आणि गुडघे सोलून निघतात. आमचे प्रशिक्षक मुलांना आठवड्यातून एकदाच, ओल्या वाळूचा थर पसरून, सूर मारायला लावतात. कोपरावरची खपली अजून धरलेली नसताना पुन्हा सूर मारायला पुढे येणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांना थांबवताना आम्हाला वाईटही वाटले आहे.

या खेळाला नियमांचे रूप याच मातीत मिळाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोची नियमावली तयार करण्याचे काम हाती घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके झाली, ती अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने सादर केली. लोकांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या अशा संस्थांनीच हा खेळ जपला, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पुढे २०१६ मध्ये दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा समावेश झाला आणि भारताच्या पुरुष व महिला संघांनी सुवर्णपदके मिळवली. त्या महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही धाराशिवची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा अंतिम सामन्यांत नेपाळच्या संघांना हरवून भारताने दोन्ही विजेतेपदे पटकावली. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचेच. हे सामने आमच्या मुलांनी मंडळाच्या कार्यालयात एका मोबाईलभोवती दाटीवाटीने बसून पाहिले. गुणांपेक्षा त्यांचे लक्ष खेळाडूंच्या पायांकडे अधिक होते, असे प्रशिक्षकांनी आम्हाला सांगितले. ते ऐकूनच मॅटचा विषय कार्यकारिणीपुढे आला.

आता मागणीविषयी. खो-खोचे क्रीडांगण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते आणि त्याच्या चारही बाजूंना दीड मीटरची मोकळी पट्टी ठेवावी लागते, कारण वेगात आलेला गडी खांबापाशी किंवा रेषेवर थांबू शकत नाही. तो बाहेर जातोच. ही पट्टी मॅटविना ठेवली तर नेमका तिथेच पाय मुरगळेल. म्हणून एकूण ३० मीटर बाय १९ मीटर, म्हणजे ५७० चौरस मीटर जागा मॅटने झाकावी लागेल. मॅट एक मीटर लांबी-रुंदीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनांची असते. असे ५७० चौकोन आम्हाला हवे आहेत. किशोर गटाचे मैदान याहून थोडे लहान असते आणि त्या मापाची मॅट घेतल्यास खर्च वाचेल, अशी सूचना सभेत आली होती. ती आम्ही विचारपूर्वक बाजूला ठेवली. ही मुले दोन-तीन वर्षांत अठरा वर्षांखालील कुमार गटात जातील, आणि तेव्हा पुन्हा आपल्या दारी येणे आम्हाला योग्य वाटत नाही.

मॅट मातीच्या मैदानावर अंथरता येणार नाही, कारण खालची जमीन समतल नसेल तर चौकोनांचे सांधे उघडतात. शाळेने आपले सिमेंटचे प्रांगण शनिवारी व रविवारी वापरण्यास लेखी परवानगी दिली आहे, याबद्दल आम्ही शाळेचे ऋणी आहोत. इतर दिवशी सराव मातीवरच होईल, कारण दम आणि पायांतील ताकद मातीवरच कमावली जाते, असे प्रशिक्षकांचे मत आहे आणि ते आम्हालाही पटते. उन्हापावसात मॅट खराब होऊ नये म्हणून ती व्यायामशाळेच्या जुन्या खोलीत रचून ठेवली जाईल. त्या खोलीचे गळणारे छप्पर सभासदांनी श्रमदानाने दुरुस्त केले आहे. दोन्ही संघांत प्रत्येकी १५, म्हणजे एकूण ३० मुले-मुली आहेत. ३० रांगा आणि प्रत्येक रांगेत १९ चौकोन, असा हिशेब मुलांनीच मांडला आणि आपापली रांग वाटूनही घेतली आहे. मॅट अजून आलेली नाही. पण कोणाची रांग खांबाजवळची आणि कोणाची मधली, यावरून त्यांच्यात चर्चा झडून गेली आहे.

देणगी चौकोनांच्या हिशेबाने द्यावी, अशी आमची विनंती आहे. एका चौकोनाचा दर, कर आणि वाहतूक धरून, पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापला आहे, आणि ज्या तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागवली त्यांच्या प्रती कार्यालयातील फलकावर लावल्या आहेत. कोणी एक चौकोन द्यावा, कोणी संपूर्ण रांग द्यावी, चार शेजाऱ्यांनी मिळून एक चौकोन दिला तरी तो आम्हाला तितकाच मोलाचा आहे. देणगीदारांची नावे मॅटवर छापावीत, असेही काहींनी सुचवले. ज्या जागेवर मुलांचे पाय पडणार तिथे कोणाचेही नाव असू नये, असे आम्हाला वाटते; सर्व नावे, रकमेचा उल्लेख न करता, कार्यालयातील फलकावर लावली जातील.

पैशाखेरीज बुटांचीही गरज आहे. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही सर्व ३० जणांच्या पायांची मापे घेतली. ती यादी कार्यालयात आहे. बूट देऊ इच्छिणाऱ्यांनी आधी ती यादी पाहावी, आणि शक्यतो नवेच बूट द्यावेत, कारण वापरलेल्या बुटांचा तळ झिजलेला असतो आणि मॅटवर तळाची पकड महत्त्वाची असते. गुडघ्याचे व कोपराचे पट्टे, प्रथमोपचाराचे साहित्य आणि स्पर्धेच्या दिवशी ये-जा करण्यासाठी वाहन, या रूपातही मदत स्वीकारली जाईल. ज्यांना यातले काहीच शक्य नाही, पण शनिवारी सकाळी तासभर येऊन मॅट अंथरताना व उचलताना लक्ष ठेवता येईल, त्यांनीही अवश्य नाव नोंदवावे. विशेषतः महिलांनी पुढे यावे. मुलींच्या सरावाच्या वेळी एक तरी जबाबदार महिला मैदानावर असावी, असा मंडळाचा नियम आहे आणि दोन कार्यकर्त्या भगिनींवर तो सगळा भार पडतो आहे.

जमा होणारी रक्कम मंडळाच्या नावे उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवली जाईल आणि अध्यक्ष व खजिनदार या दोघांच्या सहीशिवाय ती काढता येणार नाही. प्रत्येक देणगीची, ती कितीही लहान असली तरी, छापील पावती मिळेल. पावती घेतल्याशिवाय कृपया पैसे देऊ नयेत. मोबाईलवरून रक्कम पाठवणाऱ्यांनी पावतीपुस्तकावरील क्यूआर कोडच वापरावा. कोणत्याही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर पैसे मागितले गेल्यास ते देऊ नयेत आणि कार्यालयाला तसे कळवावे. आयकरात सवलत घेऊ इच्छिणाऱ्यांनी २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख न देता धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी, कारण त्याहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लावला जाईल आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडला जाईल. पुढील हंगामापर्यंत पुरेशी रक्कम जमली नाही, तर ती इतर कोणत्याही कामाकडे न वळवता मुदत ठेवीत ठेवली जाईल. आणि ज्यांना आपली देणगी परत हवी असेल त्यांना ती पावती दाखवून परत मिळेल.

मुलांच्या घरच्या परिस्थितीविषयी या पत्रात आम्ही काही लिहिलेले नाही, आणि ते जाणीवपूर्वक. या मुलांनी मैदानावर जे कमावले आहे, त्यावर आमची मागणी उभी आहे. किशोर-किशोरी गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम मुलाला ‘भारत’ आणि सर्वोत्तम मुलीला ‘इला’ पुरस्कार दिला जातो. आमची मुले तिथवर जातीलच, असा शब्द आम्ही देऊ शकत नाही. मात्र पुढच्या वर्षी मॅटवर उभे राहताना त्यांना पायाखालची जमीन अनोळखी वाटणार नाही, एवढे करणे आपणा सर्वांच्या हाती आहे. गावातील कोणाही माणसाला प्रत्यक्ष सराव पाहायचा असेल तर रोज सायंकाळी ५ ते ७ या वेळेत मैदानावर यावे. मुले आपणहून खेळाची माहिती सांगतील.

मंडळाचे कार्यालय रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळेत देणगी स्वीकारण्यासाठी उघडे राहील. बाहेरगावच्या हितचिंतकांना पावती टपालाने पाठवली जाईल. त्यांनी आपला पूर्ण पत्ता अवश्य कळवावा.

आपले विनीत,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व सर्व कार्यकारिणी सदस्य