पहारा वाटून घेणारा कुत्रा

सॅन अँटोनियो, टेक्सास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून दादांना रात्रीची झोप नाही, दिवाळीत फटाका वाजला की ते दचकून उठतात आणि लग्नकार्यालाही जायचे टाळतात, हे वाचून जीव कळवळला. अमेरिकेत अशा माजी सैनिकांना कुत्रे देतात असे ऐकून, दादांसाठी लॅब्रॅडॉरचे एखादे पिल्लू आणावे का, असे तू विचारले आहेस. हे शहर लष्करी तळांचे असल्यामुळे माजी सैनिक येथे पावलोपावली भेटतात. म्हणून या विषयाचे जे पाहिले आणि वाचले आहे, ते सविस्तर लिहितो.

येथे देतात तो कुत्रा माया लावण्यापुरता नसतो, तो कामाचा असतो, ही गोष्ट आधी ध्यानात घे. रणांगणावर जीव वाचवण्यासाठी जी सावधगिरी अंगात मुरते, ती घरी परतल्यावरही उतरत नाही. पाठीमागे कोण आहे, दार कुठे आहे, हा आवाज कसला, असा मनाचा पहारा अष्टौप्रहर चालू राहतो आणि माणूस आतून झिजत जातो. डॉक्टर ज्याला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा ताणाचा विकार, म्हणतात त्या आजाराचा हा एक मोठा भाग आहे. प्रशिक्षित कुत्रा त्या पहाऱ्यातला काही वाटा स्वतःकडे घेतो.

आमच्या शेजारी इराकच्या युद्धात लढलेले एक गृहस्थ राहतात. दुकानात पैसे द्यायच्या रांगेत ते उभे राहिले की ‘कव्हर’ एवढाच शब्द उच्चारतात आणि त्यांचा काळा लॅब्रॅडॉर त्यांच्या पाठीशी, मागच्या लोकांकडे तोंड करून बसतो. त्यामुळे मागचा माणूस आपोआप हातभर अंतर राखतो आणि ह्यांना दर क्षणाला मान वळवून पाहावे लागत नाही. एकदा आमच्या अंगणात बोलता बोलता त्यांचा गुडघा थरथरू लागला. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आले नव्हते, पण कुत्रा उठला, त्याने हनुवटी त्या गुडघ्यावर टेकवली आणि त्यांचा हात त्याच्या मानेवर जाईपर्यंत तो हलला नाही. यात चमत्कार काही नाही. पाय हलवणे, श्वास जलद होणे, अशा खुणा ओळखून मालकाचे लक्ष वेधायचे, हे त्याला महिनोन्महिने शिकवलेले असते. दुःस्वप्न पडून माणूस तळमळू लागला की नाकाने ढोसून किंवा चाटून जागे करणे, दिव्याचे बटण दाबणे, घाबरलेल्या माणसाच्या मांडीवर किंवा छातीवर आपले वजन टाकून त्याला शांत करणे, हीसुद्धा अशीच शिकवलेली कामे.

येथील कायदाही नेमका हाच भेद करतो. अपंगत्वाशी निगडित असे ठरावीक काम शिकलेला कुत्राच सर्व्हिस डॉग ठरतो आणि त्याला दुकानात, उपाहारगृहात, रुग्णालयात प्रवेश मिळतो. ज्याच्या नुसत्या सोबतीने बरे वाटते, त्याला तो हक्क नाही. कुत्र्याचे काम उघड दिसत नसेल तर दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजार कोणता, हे विचारता येत नाही. मला ही मर्यादा फार मोलाची वाटते, कारण आपले दुखणे चारचौघांत सांगावे लागणे हेच अशा माणसाला सर्वांत जड जाते.

हे सारे सहजासहजी घडलेले नाही. येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयाला ऑडी मर्फी यांचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेला हा वीर पुढे कित्येक वर्षे उशाखाली भरलेले पिस्तूल ठेवून झोपत असे आणि आपल्या या अवस्थेविषयी तो उघडपणे बोललाही. पण पीटीएसडी हे निदान वैद्यकीय यादीत आले १९८० साली, त्याच्या मृत्यूनंतर. कुत्र्यांच्या बाबतीतही तसेच रेंगाळले. इराकहून परतलेले कॅप्टन लुईस मोंताल्वान आणि त्यांचा गोल्डन रिट्रीव्हर ‘ट्यूजडे’ यांना भेटल्यावर सिनेटर अल फ्रँकन यांनी २००९ मध्ये विधेयक मांडले आणि माजी सैनिक खात्याला याचा अभ्यास करण्याचा आदेश मिळाला. तरीही २०१२ च्या नियमांत या खात्याने अंधत्व, बहिरेपणा आणि हालचालीतील अडचण यांसाठीच्याच कुत्र्यांचा वैद्यकीय खर्च उचलला. मनाच्या आजारासाठी पुरेसा पुरावा नाही, असे कारण दिले. तो अभ्यास रखडत २०२१ मध्ये बाहेर आला. दैनंदिन कामकाज आणि जीवनमान यांत सर्व्हिस डॉग आणि केवळ सोबतीचा कुत्रा यांच्यात विशेष फरक दिसला नाही, मात्र पीटीएसडीची लक्षणे सर्व्हिस डॉगच्या गटात अधिक कमी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला आणि माजी सैनिकांनी स्वतः कुत्र्यांना प्रशिक्षण देत उपचार घ्यावेत असा पाच वर्षांचा प्रयोग पाच केंद्रांत सुरू झाला. त्यांत आमचे सॅन अँटोनियोही आहे. पुढे २०२४ मध्ये १५६ माजी सैनिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार सर्वांचेच चालू होते. पण तीन महिन्यांनंतर, ज्यांना कुत्रा मिळाला होता त्यांची पीटीएसडीची लक्षणे, चिंता आणि खिन्नता ही प्रतीक्षा यादीतल्यांपेक्षा बरीच कमी आढळली.

एक गोष्ट मात्र मन घट्ट करून लिहितो. ज्या मोंताल्वान यांच्यामुळे ही वाट खुली झाली, त्यांचे डिसेंबर २०१६ मध्ये आत्महत्येने निधन झाले. कुत्र्यामुळे दुकानात जाता येते, रात्र थोडी सुसह्य होते, माणूस उपचारांपर्यंत पोहोचतो; पण डॉक्टरांची जागा तो घेऊ शकत नाही. म्हणून पिल्लाच्या आधी दादांच्या उपचारांचे बघ. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे ईसीएचएसचे, त्यांचे कार्ड असेलच. तेथून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला सांग. मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेली मानसची १४४१६ ही मोफत फोन सेवा आहे आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. दादा तयार नसतील तर निदान तू आणि वहिनी मिळून फोन करा. ते रात्री केव्हा उठतात, कशाने बिथरतात, हे वहिनींइतके कोणालाच ठाऊक नसेल, तेव्हा त्यांच्याकडून ते लिहून घे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होईल.

आणि पिल्लाचे म्हणशील, तर दादांच्या मनात असेल तरच आणा. त्यांना नकळत आणून दारात बांधू नका. पिल्लू स्वतः रात्री भुंकते, चप्पला कुरतडते, त्याला शिकवावे लागते. झोप उडालेल्या माणसावर हा भार लादणे बरे नव्हे. त्यांना हौस असेल, तर डॉक्टरांशी बोलून शांत स्वभावाचा, वयाने जाणता कुत्रा बघा. रोज सकाळी त्याला फिरवून आणण्याच्या निमित्ताने ते घराबाहेर पडले, तरी मला समाधान वाटेल.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की लगेच कळव. दादा-वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र