रात्रीच्या वॉर्डात पीए, आणि डॉक्टर फोनवर

माननीय संपादक,
स. न.

पुण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत हल्ली राउंडला सर्जनच्या मागे फाइल घेऊन चालणारी तरुण मुलं-मुली दिसतात. त्यांतली काही फिजिशियन असिस्टंट, म्हणजे ‘पीए’ असतात; डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी, पण स्वतः डॉक्टर नसलेली. नातेवाईक त्यांनाही ‘डॉक्टर, पेशंट घरी कधी सोडणार?’ असंच विचारतात. मी ऑपरेशन थिएटरची निवृत्त सिस्टर. या मुलांबरोबर काम केलंय, म्हणून हे पत्र.

त्यांना काम येतं, हे आधीच सांगते. (आम्हा सिस्टर लोकांना हे कबूल करणं जड जातं, ते सोडा.) बायपासच्या वेळी एकीकडे छाती उघडत असताना दुसरीकडे पायातली शीर काढायची असते. तिच्या बारीक फांद्या एकेक करून बांधायच्या, शिरेला ताण बसू द्यायचा नाही, मग आतून सलाइन सोडून कुठे गळतंय का ते बघायचं. सरावलेला पीए हे इतक्या निगुतीनं करतो, की सर्जनला मान वर करून बघावंही लागत नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठानं १९६५ मध्ये नौदलातल्या माजी वैद्यकीय मदतनिसांना घेऊन हे शिक्षण सुरू केलं. आपल्याकडे ते १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्यामुळे आलं. बारावी सायन्सनंतर चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं.

अडचण सर्जन घरी गेल्यावर सुरू होते. बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंटची नाडी अनियमित होणं तसं नेहमीचं. पीएला ते मॉनिटरवर दिसतं, कळतंही. पण पुढे काय? औषध स्वतःच सुरू करायचं, की सरांना उठवायचं? ‘सर झोपेतून उठवलं की चिडतात, सकाळी बघू,’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मुलगा हुशार होता, कामाला वाघ होता. कुणाला कधी बोलवायचं हे मात्र त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं. आरएमओपेक्षा, म्हणजे रुग्णालयात मुक्कामी असणाऱ्या डॉक्टरपेक्षा, पीए स्वस्तात मिळतो म्हणून त्याच्यावर रात्र सोपवणारी रुग्णालयं यात जास्त दोषी आहेत.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या पेशाला सहयोगी आरोग्य व्यवसायांत जागा दिली, हे चांगलंच झालं. ब्रिटनमध्ये पीएंच्या कामावरून बराच वाद पेटला, तेव्हा सरकारनं प्रा. जिलियन लेंग यांच्याकडून करवून घेतलेल्या आढाव्यात जुलै २०२५ मध्ये सांगितलं गेलं, की निदान न झालेले रुग्ण पीएनं ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर तपासू नयेत. आपल्याकडे अशी रेघ रुग्णालयागणिक बदलते. एकाच रुग्णालयात ती सरांगणिकही बदलते.

महापालिकेचा आरोग्य विभाग रुग्णालयांच्या नोंदणीचं नूतनीकरण करतो, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगतो. त्याच वेळी आणखी एक कागद मागावा. रात्री पीए कोणत्या डॉक्टरच्या हाताखाली असतो, तो डॉक्टर इमारतीत असतो की फोनवर, आणि काय घडलं तर त्याला उठवायचंच, हे त्यावर असावं. नाडी, रक्तदाब, लघवीचं प्रमाण आणि ड्रेनमधून (ऑपरेशननंतर छातीत ठेवलेल्या नळीतून) येणारं रक्त, एवढ्या चार गोष्टींचे आकडे लिहिले तरी सुरुवातीला पुरे.

– एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे