परकी फंक्शने लिस्पच्या दारापर्यंत आणणाऱ्या सहकाऱ्यास आभारपत्र

आदरणीय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

सी भाषेत लिहिलेली, म्हणून लिस्पला ‘परकी’ असलेली फंक्शने चालू असलेल्या लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रणालीत आणून जोडण्याचा, लिस्पचा कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या आमच्या कंपायलरमधील भाग आपण एकामागून एक युनिक्स वर्कस्टेशनांवर नेलात, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कंपायलर वापरणाऱ्यांना या भागाचे अस्तित्व सहसा जाणवत नाही. एका ओळीत ग्राफिक्सची किंवा गणिताची लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) मागवली आणि ती हजर झाली, एवढेच त्यांच्या दृष्टीस पडते. त्या एका ओळीमागे कोणते काम उभे आहे हे त्यांनाही कळावे, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे.

मूळ मांडणी सन कंपनीच्या सनओएस ४ या युनिक्स प्रणालीसाठी केलेली होती आणि ती ‘एलडी’ या लिंकरच्या, म्हणजे कोडचे सुटे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, ‘-ए’ पर्यायावर पूर्णपणे विसंबून होती. लिंकरला चालू लिस्पची मूळ फाइल आधार म्हणून दाखवायची, नव्या ऑब्जेक्ट फाइलींतील (कंपाइल झालेल्या पण अजून न जोडलेल्या कोडच्या फाइलींतील) न सुटलेली नावे तिच्या सिम्बॉल टेबलातून, म्हणजे नावे आणि त्यांचे पत्ते यांच्या यादीतून, सोडवून घ्यायची, ‘-टी’ने दिलेल्या पत्त्यासाठी कोड तयार करवून घ्यायचा आणि हाती आलेले बाइट मेमरीत त्याच पत्त्यावर वाचून घ्यायचे, अशी ती रीत होती. तिच्यातील एक गुण आपण सर्वांत आधी ओळखलात. जे फंक्शन लिस्पच्या फाइलीत आधीच आहे त्याची दुसरी प्रत या रीतीने आत येत नाही, आणि त्यामुळे एकाच प्रोसेसमध्ये दोन ‘मॅलॉक’ (मेमरी वाटून देणारी फंक्शने) एकमेकांपासून अनभिज्ञ राहून मेमरी वाटत बसण्याचा धोका टळतो. पुढे ‘डीएलओपन’कडे, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या शेअर्ड लायब्ररी प्रोग्राम चालू असताना उघडणाऱ्या फंक्शनकडे, वळताना हा गुण हातचा जाऊ नये, यासाठी सी लायब्ररी स्थिर रूपात पोटात घेतलेल्या शेअर्ड ऑब्जेक्ट फाइली वापरू नयेत, असा नियम आपण कारणासह लिहून ठेवलात. तो आजही आम्ही पाळतो.

अल्ट्रिक्स ही युनिक्स प्रणाली चालवणाऱ्या, मिप्स प्रोसेसरच्या यंत्रांवर ‘-ए’ उपलब्ध होता, पण तेथील अडचण निराळी निघाली. त्या यंत्रावर लहान आकाराचा डेटा एका ठरावीक रजिस्टरमधील (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यातील) पत्त्यापासून १६ बिटांच्या अंतराने, म्हणजे एकूण ६४ केबीच्या टापूत शोधला जातो, आणि ते रजिस्टर लिस्पच्या मूळ फाइलीसाठी आधीच बांधलेले असते. नंतर आलेल्या कोडचा डेटा त्या टापूत बसेलच याची शाश्वती नसते. बाहेरून आणायच्या प्रत्येक फाइलीसाठी लहान डेटाही त्या टापूबाहेर ठेवायला लावणारा ‘-जी ०’ हा पर्याय सक्तीचा करणे हे उत्तर एका ओळीचे आहे. मात्र त्या ओळीपर्यंत पोहोचण्यासाठी यंत्राची संपूर्ण रचना समजून घ्यावी लागते, आणि आपण ती शांतपणे समजून घेतलीत.

माझ्या मते आपले सर्वांत मोलाचे काम एचपीच्या एचपी-यूएक्स आणि आयबीएमच्या एआयएक्स या दोन युनिक्स प्रणालींवर झाले. तोपर्यंत आमच्या कोडमध्ये एक गृहीतक कोणी न उच्चारताच रुजलेले होते: सी फंक्शनचा पॉइंटर म्हणजे त्याच्या पहिल्या सूचनेचा पत्ता. एचपी-यूएक्सच्या यंत्रांतील पीए-रिस्क प्रोसेसरवर शेअर्ड लायब्ररीतील फंक्शनच्या पॉइंटरचा शेवटून दुसरा बिट १ असू शकतो. तसा तो असेल, तर पॉइंटर कोडकडे न जाता अशा नोंदीकडे जातो, जिच्यात खरा पत्ता आणि त्या लायब्ररीच्या लिंकेज टेबलाचा (तिची फंक्शने व डेटा शोधण्याच्या तक्त्याचा) पत्ता असे दोन शब्द, म्हणजे यंत्राच्या नेहमीच्या आकाराचे दोन आकडे, असतात. एआयएक्सवर तर प्रत्येकच फंक्शन पॉइंटर तीन शब्दांच्या नोंदीकडे नेतो, आणि दुसऱ्या शब्दातील मूल्य योग्य रजिस्टरमध्ये ठेवल्याखेरीज बोलावलेल्या फंक्शनला स्वतःचे ग्लोबल चलसुद्धा सापडत नाही. ही दोन्ही प्रकरणे त्या त्या यंत्रापुरती मिटवणे शक्य होते, आणि घाईच्या दिवसांत तसे केले असते तरी कोणी हरकत घेतली नसती. आपण मात्र ‘परक्या फंक्शनचा पत्ता’ आणि ‘त्या फंक्शनला करायचा कॉल’ या दोन गोष्टी संपूर्ण कंपायलरमध्ये वेगळ्या काढल्यात. लिस्पच्या बाजूने केलेल्या घोषणांना (परके फंक्शन काय घेते आणि काय परत देते हे सांगणाऱ्या ओळींना) त्यामुळे कोठेही हात लावावा लागला नाही, आणि नव्या यंत्रावर नेमके काय लिहायचे आहे हे एकाच फाइलीत दिसू लागले.

आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवायची मूल्ये) देण्याच्या पद्धतींविषयी येथे थोडक्यातच लिहितो. सनच्या स्पार्क प्रोसेसरच्या ३२ बिटी पद्धतीत दशांश संख्याही पूर्णांकांच्या रजिस्टरांतून जातात. मिप्सवर पहिले आर्ग्युमेंट कोणत्या प्रकारचे आहे त्यावर पुढच्यांची जागा ठरते. पीए-रिस्कवर स्टॅक (चालू कॉलांची माहिती ठेवणारी मेमरी) वरच्या दिशेने, म्हणजे चढत्या पत्त्यांकडे, वाढतो. हे सर्व आपण तक्त्यांच्या रूपाने मांडून ठेवल्यामुळे कंपायलरच्या गाभ्यात यंत्रागणिक अटींचे जंगल माजले नाही. नव्याने लिहिलेला कोड चालवण्यापूर्वी सूचनांचा कॅशे (प्रोसेसरने हाताशी ठेवलेल्या सूचनांचा साठा) रिकामा करण्याची जबाबदारीही आपण कोड मेमरीत आणणाऱ्या लोडरकडेच सोपवलीत, तेव्हापासून ती कोणाला आठवावी लागलेली नाही.

जतन केलेल्या इमेजचा, म्हणजे चालू लिस्पच्या मेमरीच्या साठवलेल्या प्रतीचा, प्रश्न मात्र सविस्तर सांगायलाच हवा. लिस्पचे वापरकर्ते दिवसभराचे काम इमेजमध्ये साठवतात आणि पुढे तेथूनच सुरुवात करतात. जुन्या पद्धतीत बाहेरून आणलेला कोड इमेजसोबतच साठवला जात असे, त्यामुळे त्याचे पत्ते टिकून राहत. शेअर्ड लायब्ररी मात्र पुढच्या वेळी वेगळ्या पत्त्यावर उघडू शकते, आणि मग कंपाइल झालेल्या लिस्प फंक्शनांत कोरलेले पत्ते निरर्थक ठरतात. आपण मध्ये एक टेबल आणलेत: लिस्पचा कोड टेबलातील जागा ओळखतो, प्रत्यक्ष पत्ता त्या जागेत असतो, आणि इमेज सुरू होताच लायब्ररी त्याच क्रमाने पुन्हा उघडून सर्व नावे नव्याने शोधली जातात. प्रत्येक कॉलला मेमरीतील एक जादा वाचन लागते, म्हणून काही जणांनी त्यावर आक्षेप घेतला होता. मला तो व्यवहार पूर्णपणे योग्य वाटतो, कारण इमेजवरचा विश्वास उडाला तर अशा कंपायलरमध्ये काम करण्याचे मोठे कारणच नाहीसे होते.

या सगळ्याबरोबर आपण लिहिलेल्या चाचण्यांचाही मी ऋणी आहे. ओएसएफ/१ ही युनिक्स प्रणाली चालवणाऱ्या, अल्फा प्रोसेसरच्या यंत्रावर पॉइंटर ६४ बिटांचा आणि ‘इंट’ हा सीचा पूर्णांक ३२ बिटांचाच असतो, आणि प्रोग्राम सामान्यतः ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर बसतो. एखादे फंक्शन पॉइंटर परत करत असूनही लिस्पमध्ये त्याची घोषणा पूर्णांक म्हणून केली असेल, तर वरचे बिट गळून पडतात. जुन्या यंत्रांवर अशा घोषणा वर्षानुवर्षे निमूटपणे चालून गेल्या होत्या. सी कडून आलेला पत्ता जसाच्या तसा परत पाठवून तो सी मध्येच ताडून पाहणारी आपली छोटी चाचणी अल्फा समोर येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली होती, आणि तिने आमच्या ग्राफिक्स लायब्ररीच्या घोषणांतील असे सगळे दोष वापरकर्त्यांच्या हाती जाण्यापूर्वी उघडे केले. त्या यंत्रावरचे उरलेले काम मी आपल्या टिपणांच्या आधारे पूर्ण केले आहे. आपल्या फाइलीत अल्फासाठी एक नवा तक्ता जोडण्यापलीकडे मला फारसे काही करावे लागले नाही.

आपल्या श्रमांबद्दल आणि त्यामागची कारणे लिहून ठेवण्याच्या आपल्या औदार्याबद्दल मनःपूर्वक आभार.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
या कंपायलरची देखभाल करणारा आपला एक सहकारी